तोंडात मावेल ते

नेरूळच्या त्या दुकानात मान खाली घालून शिरावं लागतं.
आत बावीस टाक्या, पंपांची घरघर,
आणि जयवंत नाखवा,
ज्याची आई दिवाळ्याच्या बाजारात बोंबील-मांदेली विकते.
"ती मेलेले विकते, मी जिवंत," तो म्हणतो,
"घासाघीस दोन्हीकडे सारखीच."

आम्हाला मोठा मासा हवा होता.
म्हणजे ऋजुताला. मी पिशवी धरायला.

टाकी चार फुटी, तिच्या बाबांनी लावलेली.
लाकडाच्या ओंडक्याला अनुबियास बांधलंय दोऱ्याने,
शिवणाच्या डब्यातला दोरा, अजून दिसतो.
मागे उंच वॅलिस्नेरिया,
मधे सतरा निऑन टेट्रा,
जे संध्याकाळी एकदम वळतात
कुणीतरी हाक मारल्यासारखे.
मी त्या घरात आलो तेव्हा ते एकोणीस होते.
दोन गेले त्यात माझा हात नव्हता,
पण हे मी कधी बोललो नाही.

ऑस्करने काचेला नाक लावून माझ्याकडे पाहिलं.
मला आवडला तो.
नाखवा म्हणाला, "माणसाळतो लवकर, हातातून खातो,
पण घरात आला की आधी सामान हलवतो.
झाडं मुळासकट वर. निऑन म्हणजे नाश्ता."
ऋजुताने माझ्याकडे पाहिलं नाही.
गेल्याच महिन्यात मी
हॉलमधलं कपाट हलवलं होतं.

सिल्व्हर डॉलर, ताटलीसारखा लखलखीत,
"स्वभावाने गरीब, पण पालेभाजीवाला.
आठवड्यात तुझं जंगल साफ."
डिस्कसला पाणी कढत लागतं,
एकट्यासाठी बाकीच्यांनी उकडून घ्यायचं का?
एंजल लहानपणी सगळ्यांशी गोड.
"वर्षभराने तोंड मोठं होतं.
मग तोंडात मावेल ते खातो.
त्यात वाईटपणा नसतो, साहेब."

मी विचारलं, मग मोठं असून चालतं कोण?

त्याने जाळी झटकली.
"लांबी नका बघू. तोंड केवढं ते बघा.
आणि तळ उकरायची खोड आहे का.
आपलं मोरब्याचं पाणी मऊ, त्याची काळजी नाही."

सगळ्यात खालच्या टाकीत, वाकून बघावं लागलं,
मोती गुरामी.
अंगभर ठिपके, पोह्यांवर खोबरं भुरभुरल्यासारखे,
गळ्याशी फिकट शेंदरी.
पोटाखालून निघालेले दोन लांब धागे,
त्यांनी तो पुढचं चाचपत जातो,
दिवे गेलेल्या परक्या घरात
माणूस भिंत धरून चालतो तसा.
मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो.
राहतो पाण्यात, श्वास मात्र बाहेरून आणतो.

"एक नर, दोन माद्या," ऋजुता म्हणाली.
"दोन नर एका टाकीत नको. वहीत आहे."
कुणाच्या वहीत, हे विचारायची गरज नव्हती.
नाखवाने पिशवीला रबर लावलं, दोन वेढे, तिसरा.

रिक्षात पिशवी माझ्या मांडीवर.
प्रत्येक गतिरोधकाला ती म्हणायची, "हळू,"
रिक्षावाल्याला की मला, कळेना.

घरी पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली.
वीस मिनिटं. मग वाटीभर टाकीचं पाणी आत,
दहा मिनिटं थांबून आणखी वाटीभर.
तिची आई कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली,
काही न बोलता परत गेली.

माद्या लगेच रुळल्या.
नर ओंडक्यामागे गेला तो गेलाच.

"काही खायला घालू?"
"आज नाही."
"दिवा?"
"उद्या. नवीन आहे ना तो."

रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो.
अंधारात काहीतरी बारीकसं वाजलं,
पृष्ठभागावर, ओठ उघडून मिटल्यासारखं.
मग रस्त्यावरून टेम्पो गेला, त्याच्या उजेडात
क्षणभर दिसला:
ओंडक्याच्या अलीकडे,
एक धागा पुढे करून त्या जुन्या दोऱ्याला लावलेला.
पुन्हा काळोख.

निऑन मोजायचे तर दिवा लावावा लागला असता.
मी लावला नाही.