पहिलं नाव

उद्या वेळ्ळीच्या हॉलात खेळाडूंची वाटणी.
पहिलं नाव आमचं,
तळाला राहिलो त्याचं बक्षीस.

आवेलीन म्हणतो, लॉइडला घे,
डावा पाय म्हणजे कोयता.
खरंय. पण एकोणीस गोल खाल्ले
ते काय लॉइड ओकून देणार?

मला आठवतो पोदेराचा केरोबीन,
असोळण्याचा गोलकीपर.
कापलेल्या भाताच्या खुंटांवर
सहा-शून्य हरत होते,
चेंडू दिसेनासा झालेला,
आणि हा ओरडतोय अजून,
"इनास, फाटीं! इनास!"
इनास केव्हाच लंगडत बाहेर बसलेला.

आमच्यात कुणी कुणाला हाक मारत नाही
मार्चपासून.

चिठ्ठीवर लिहिलं: केरोबीन.
आवेलीनने वाचलं
आणि बिअरचा ग्लास त्यावरच ठेवला.
शाई पसरली थोडी.
नाव वाचता येतंय.