अनुभवाचा दाखला

कल्लाप्पा म्हणाला, अक्का, पत्र पाहिजे.
लेटरहेडवर, इंग्रजीत, शिक्का मारून.
किती साल काम केलं, कुठल्या मशीनवर,
आठवड्याला किती तास,
सगळं लिवा की.

उद्यमबागेत आमचं शेड. चार लेथ, एक बोरिंग,
आणि एक सीएनसी, जिचे हप्ते गेल्या दिवाळीला फिटले.
नवरा गेला तेव्हा चक म्हटलं की मला चकली आठवायची.
या अकरावी नापास पोरानं मला शेजारी उभं केलं
आणि म्हणाला, डोळं नको अक्का, कान द्या.
टूल मरायला लागलं की आवाज बदलतो.

ही ओळ दाखल्यात कुठं बसवू?
रकाना आहे: कामाचं स्वरूप.
मी लिहिलं, टर्निंग, बोरिंग, आटे पाडणे,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक.

तिकडं समुद्रापल्याड कुठल्या तरी गव्हाच्या गावात
कापणीची यंत्रं दुरुस्त करणारा एक मालक
याच्यासाठी जामीन राहायला तयार आहे.
वस्ती आमच्या येळ्ळूरपेक्षा कमी.
अट अशी की तीन वर्षं त्याच गावात, त्याच मालकाकडं,
मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवायचं नाही.
मग सरकार बघणार: कायम करायचं का.

कायम हा शब्द कल्लाप्पा
सोन्याचा भाव विचारावा तसा उच्चारतो,
हळू, इकडंतिकडं बघून.
त्याच्या बायकोनं एजंटाला विचारलं,
कायम म्हणजे मेल्यावर पण तिथंच काय ओ?
यावर एजंटाकडं फॉर्म नव्हता.

मग कागद जुळेनात.
पासपोर्टवर बेळगाव, जन्मदाखल्यावर बेळगावी,
शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडात,
नावात कुठं एक प, कुठं दोन.
तिकडच्या साहेबाला वाटेल
दोन गावं, दोन माणसं.

कोर्टाच्या आवारात नोटरीनं चष्मा पुसला
आणि पोराला टाइप करायला सांगितलं:
शपथेवर लिहून देतो की
बेळगाव आणि बेळगावी ही एकच जागा आहे.
सही. शिक्का. तीनशे रुपये.

माझे सासरे याच जागेपायी
दोनदा हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले.
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा कोल्हापूरहून मागवायचे.
तारीख पडली की नवं धोतर नेसायचे,
आणि तारीख पुढं गेली की तेच धोतर
घडी मोडू न देता परत ठेवायचे.
मला हसू आलं. मग ते का आलं याचा राग आला.
पावती मी पर्समध्ये नाही ठेवली,
ब्लाउजमध्ये ठेवली.

इंग्रजीच्या परीक्षेला तो बेंगळुरूला गेला.
बोलायच्या भागात बाईंनी विचारलं,
तुमच्या गावाबद्दल सांगा. वेळ दोन मिनिटं.
काय सांगितलास रे?
कुंदा सांगितला. थंड हवा सांगितली.
बाकीचं काढलं असतं तर
दोन मिनिटांत बसलं नसतं, अक्का.

आता खरं सांगते.
पत्र आठ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं,
टाइप करून, सही करून.
पुण्याची ऑर्डर होती, दोनशे चाळीस बुश,
आणि त्याच्यासारखा हात दुसरा नाही.
मी म्हणत राहिले, शिक्का सापडत नाही.
शिक्का टेबलावर होता, चहाच्या बशीशेजारी,
त्याला रोज दिसत होता.
तो काही बोलला नाही.
दोन पाळ्या उभा राहिला.
शेवटचा बुश कापडानं पुसून
माझ्या तळहातावर ठेवला, अजून कोमट.

मी पत्र काढलं, शिक्का मारला, दिलं.
त्यानं ओळीवर काळं बोट फिरवत वाचलं,
मायक्रोमीटर वाचावा तसं,
आणि नावापाशी थांबला.
अक्का, इथं एक प राहिलाय बघा.

मी पुन्हा टाइप करायला बसले.
तो वाट बघत दारात उभा,
कान माझ्याकडं.