बंबा क्रमांक सदतीस

मे महिन्यात काम मिळालं.
हातात टॅब, डोक्याला कंपनीची टोपी,
जुन्या नहरीचे बंबे शोधायचे.
दिसला की काचेवर बोट ठेवायचं,
नकाशावर निळा ठिपका उमटतो.
ठिपक्याला बावीस रुपये.

बंबा म्हणजे काय, ते मला गौसभाईंनी सांगितलं.
निवृत्त लाइनमन, चौतीस वर्षं
ह्या शहराच्या चाव्या पिळलेला माणूस,
मनगट अजून पान्यासारखं.
"जमिनीखाली पाणी चालतंय ना बाबा,
चालणाऱ्याला दम लागतो.
बंबा म्हणजे त्याचं नाक."

दोन आठवडे मी नाकं शोधत हिंडलो.

एक बेगमपुऱ्यात, इस्त्रीवाल्याच्या पाठीशी,
डोक्यावर कोळशाचं पोतं.
एक दवाखान्यामागं, त्यातून पिंपळ आलेला,
पिंपळाला सलाइनची रिकामी बाटली लटकवलेली,
नवसाची की नुसतीच, कळलं नाही.
एक गॅरेजात. पोरं त्याच्यावर स्पार्कप्लग वाळवतात.
"ये तो शुरू से है," म्हणाली,
शुरू म्हणजे कधी ते त्यांनी विचारलं नव्हतं,
मीही नाही.
एकाला शेंदूर, एकाला हिरवी चादर,
एकाला नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.

दरवाज्यांकडं गौसभाई मान वळवत नसत.
"उन्हों को क्या देखना, वो कहाँ छुपेले हैं."
कमानीत रिक्षा अडकलेली,
मागं ऊस भरलेला ट्रॅक्टर,
हॉर्नवर हॉर्न,
आणि हा माणूस फरशीकडं बघत चाललेला,
चपलेच्या टाचेनं ठोकून ठोकून.
"इथं पोकळ आहे. इथं बुजवलंय. इथं रडतंय."
ह्या शहराला नावं बरीच, पाट्या रंगवून रंगवून
पेंटरचे पोरगे इंजिनिअर झाले.
खालच्या पाण्याला कुणी विचारलं नाही
तुला काय म्हणायचं.

चेलीपुऱ्यात, एका बोळात,
दोन खांदे आडवे करून जावं लागतं अशा,
लंकाबाई निकाळज्यांचं घर.
पिको-फॉलची मशीन, पंचशीलाचं कॅलेंडर,
कोपऱ्यात पाण्याचे तीन ड्रम,
नळाला आज सहावा दिवस.
आणि स्वयंपाकाच्या ओट्याला खेटून
चुनेगच्ची बुटका खांब, छातीएवढा,
वर पालथा तवा.

"दाखव माय," गौसभाई म्हणाले. त्यांना ठाऊक होतं.
तिनं फडक्यानं धरून तवा उचलला.

बाहेर त्रेचाळीस डिग्री.
आणि त्या भोकातून माझ्या घामेजल्या गळ्याशी
आला गार, ओला, शेवाळी वास,
कोणीतरी झोपेत सोडलेला श्वास.
मी कान लावला.
लांब, फार लांब,
कुणी तांब्या विसळत होतं
घाई न करता.

"पोरगं तापलं की ह्याच्यापाशी निजवते.
आमचा कूलर ह्योच," लंकाबाई म्हणाली.
मग टॅबकडं पाहिलं.
"लिहून घेता का?"
मी काही बोललो नाही.
"तिकडं कोपऱ्यावर लिहून घेतलं होतं.
पंधरा दिसांनी पिवळी गाडी आली.
बंबा ठिवला. घर नाही ठिवलं.
आता त्याला कुंपण हाय, कुलूप हाय,
आत कुत्री वितात."

गौसभाई चष्मा पुसत बसले,
पुसलेला पुन्हा पुसला.
माझं बोट काचेच्या वर, अधांतरी.
तवा तिच्या हातात.
खाली तांब्या.

यादी दिली तेव्हा साहेब म्हणाले,
छत्तीस, मग थेट अडतीस?
म्हटलं, सिस्टिम हँग झाली होती.
त्यांनी जांभई दिली आणि सही केली.

बावीस रुपये गेले.
आणि वर मी चेलीपुरा लिहिलंय,
तिथं शोधायला जाऊ नका.
तिथं नाही.
तिचं नावही लंकाबाई नाही.
तवा मात्र खरा.