खलाशी

गावाला वाटायचं अण्णा जहाजावर असतात.
पगाराच्या कागदावर तसंच होतं:
धुळा बिरा खरात, हुद्दा खलाशी.
म्हसवडच्या बाजारात कुणी विचारायचं,
"बोट लागते का हो?"
अण्णा हसायचे, तंबाखू मळत राहायचे.
मोजणी खात्यात साखळी ओढणाऱ्यालाही
खलाशीच म्हणतात,
हे सांगत बसायला बाजार पुरला नसता.

मग एका वर्षी खरंच बेट आलं वाट्याला.
चौदा माणसं, एक दुर्बीण, तिची तिकाटी,
गोड्या पाण्याची पिंपं,
आणि गुडघाभर पाणी फक्त विहिरीत पाहिलेला
माणदेशातला एक गडी.

साहेबाला किनारा हवा होता कागदावर.
अण्णा पट्टी घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहिले,
लांबून झेंडी हलली, आकडा लिहिला गेला.
जेवून आले तर कडच नाही.
आपल्याकडं बांध वीतभर सरकला
तर भावकी कोर्टात जाते, सांगायचे,
तिथं दिवसातून दोनदा सरकतो,
तक्रार कुणाचीच नाही.
शेवटी साहेबानं वाळलेल्या शेवाळाची रेघ धरली.
समुद्र फार तर इथवर येतो,
एवढं लिहा म्हणाला.

मेंढरं मोजावीत तशा
साखळीच्या सुया मोजायच्या संध्याकाळी.
एक कमी भरली
की कंदील घेऊन परत वाळूत.

नकाशा ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला होता.
छपाईत बिघडलेला, म्हणून मिळालेला.
निळा रंग जरा घसरून
समुद्र एका बाजूनं जमिनीवर चढलेला.
मधल्या टेकाडावर एक ठिपका, शेजारी अकरा.
"ह्यो मी," अण्णा म्हणाले.
ठिपक्यावर ठेवलेल्या बोटाखाली
निम्मं बेट झाकलं गेलं.

कोरेगाव स्टेशनात पिवळ्या पाटीवर
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते.
गाडीला उशीर होता.
अण्णांनी काठीनं त्या आकड्यावर टकटक केलं:
"हे जिथनं मोजलंय ना, तिथं उभा व्हतो मी."

तिथून नाही मोजत.
सपाटी कुठल्यातरी बंदरात ठरवतात,
वर्षानुवर्षं पाणी नोंदवून.
मला तेव्हाही माहीत होतं.
मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

काठी त्यांनी कधी टेकायला वापरलीच नाही.
फलाटावर ती ओळंब्यात उभी धरून
अण्णा रुळांपलीकडं बघत होते,
कुणीतरी हात हलवेपर्यंत
हलायचं नसतं तसे.