शेऱ्याचा रकाना

आम्हा चौघांत समुद्र पाहिलाय एकट्या लीलाधर मेश्रामांनी,
पोस्टमास्तर होते तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, पुरीला.
तोही पाठ करून,
फोटोसाठी.

आम्हाला समुद्र म्हणजे
शालिकच्या झेरॉक्सच्या दुकानातला निळा चौकोन,
दर अर्ध्या तासाने नवा.
परवापासून त्यात एक पांढरा डाग,
फिरवलेल्या दुधावरच्या सायीसारखा,
धड गोळा होईना, धड विरेना.

नाव नाही त्याला.
नावासाठी वारा लागतो ताशी बासष्ट,
ह्याच्याकडे पस्तीस, तेही एका अंगाने.
"कमजोर लेकरू आहे," शेवंता मडावी म्हणते.
अंगणवाडीत वजनं घेते ती,
लाल पट्ट्यातून पिवळ्यात यायला
किती दिवस लागतात, तिला ठाऊक.

मी शाळेतला प्रयोगशाळा परिचर.
बॅरोमीटर कपाटातून काढलाय, रजिस्टरात सही करून.
त्याची सुई खरं बोलते,
पण टिचकी मारल्यावर.

पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारतोच,
"का म्हनते गा तुमचं वादळ? येऊन रायलं का नाई?"
तुमचं म्हणतात. जणू आम्ही पाळलंय.
मूलच्या ह्या रस्त्यावरून किनारा
सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर,
मध्ये इंद्रावती, गोदावरी आणि केवढं तरी जंगल.

बाहेर धान कापून पडलंय.
बांधाबांधांत कडपा वाळतोय,
अजून भारे बांधायचेत, पुंजणे रचायचेत.
पाऊस कोणालाच नको आहे.
आम्हालाही नको आहे.
तरी डाग जरासा गोल दिसला
की लीलाधर खुर्ची पुढे ओढतात,
शालिक लाइट मालवतो, नीट दिसावं म्हणून,
आणि आम्ही कोणी
कोणाकडे बघत नाही.

रात्री साडेअकराला शेवंताने भाच्याला फोन लावला.
काकीनाड्याच्या बाजूला कोळंबीच्या तळ्यावर राखण करतो तो.
"वारा कसा आहे रे? कोणत्या दिशेचा?"
पलीकडे बराच वेळ खरखर.
आम्ही कान लावून ऐकली,
तो समुद्र असेल म्हणून.
"आत्या, पंखा सुरू आहे. झोपू दे ना वो."

साडेतीनला किनाऱ्याला लागला म्हणे.
लागला म्हणजे
बस फाट्यावर थांबावी तसा.
उतरलं कोणीच नाही.
निळ्या चौकोनात थोडं पीठ सांडल्यासारखं,
मग तेही नाही.

सकाळी सहाला शेवंता शाळेच्या गच्चीवर चढली,
लुगडं खोचून, लोखंडी शिडीने,
पर्जन्यमापकाची नळी डोळ्यासमोर धरून उतरली.
शून्य पूर्णांक सहा.
"दव आहे ते," लीलाधर.
"दव काल नव्हतं काय? परवा नव्हतं?
रोज पाहते मी. रोज कोरडी."
शालिक म्हणाला, पाचला लघवीला उठलो होतो,
कोपरावर एक थेंब पडला. दोन असतील.
वर चिंच आहे का, लीलाधरांनी विचारलं.
आहे.
वटवाघळं आहेत का?
आहेत.
त्यावर शालिक गप्प बसला.

वहीत आकडा शेवंतानेच लिहिला, ०.६,
शून्य चांगलं वाटोळं काढून.
शेऱ्याच्या रकान्यात: "पोस्टमास्तरांच्या मते दव."
लीलाधरांनी चष्मा वर करून वाचलं,
"निवृत्त" शब्द वर बारीक अक्षरात घातला
आणि चहा सांगितला.

राइस मिलचा धूर एरवी तलावावर जातो.
त्या दिवशी तो आमच्याकडे येत होता,
भुशाचा, जरासा ओलसर वास घेऊन.
मी बोललो नाही.
वहीत दिशेचा रकाना आम्ही आखलेलाच नाही.

दहाला शाळा भरली.
बॅरोमीटर कपाटात ठेवला, सही केली,
कुलूप लावलं.
मग पुन्हा उघडलं
आणि एक टिचकी मारून पाहिली.