घसारा

शोरूमच्या दारातून पहिलं चाक बाहेर पडलं
की पाचवा हिस्सा गेलाच समजा.
हे मी चोवीस वर्षं सांगतोय
हाइलब्रोनच्या लोकांना, हळू आवाजात,
दंतवैद्य सांगतो तसं.
लहान गाड्या भाव धरून राहतात.
थोरामोठ्यांच्या मात्र कड्यावरून कोसळतात:
पाठ चेपणाऱ्या सीटा, बाटली गार ठेवणारा कप्पा,
बावीस स्पीकर.
दुसऱ्या मालकाला याचे पैसे मोजायचे नसतात,
त्याला फक्त निवांत झोप हवी असते.
नव्याचे नऊ दिवस,
उरलेली वर्षं माझ्या तक्त्याची.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
फ्राऊ एबिंगर काळी सलून घेऊन आल्या,
इतक्या हळू, की जणू मागच्या सीटवर कुणी झोपलंय.
नवरा मे महिन्यात गेला. गेरोल्ड.
द्राक्षमळ्यांना पंप विकायचा.
"बारा वर्षं, एकच मालक, एक्क्याण्णव हजार किलोमीटर,
हिवाळ्यात झाकलेली,"
त्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.
नवी होती तेव्हा एक लाख दहा हजार युरो.
मी मनातल्या मनात अठरा म्हटलं
आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं.

बॉनेट: एकशे अठरा.
छप्पर: एकशे बारा.
उजवी दारं: एकशे वीस, एकशे एकवीस.
डावं मागचं दार:
तीनशे चाळीस.
पुसून पुन्हा लावलं. तीनशे चाळीस.

फ्राऊ एबिंगरनी हातमोजा काढला, परत घातला.
"ते माझं," म्हणाल्या.
"तो गुडघ्यासाठी बाड वाइल्डबाडला होता, तीन आठवडे.
गाडीला हात लावायची मला मनाई होती, म्हणजे
तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण होती.
दुकानामागचा खांब. एका पोराने
दोन दिवसांत रंगवून दिलं, मी रोख दिले,
मग चार महिने घरात मांस कमी शिजलं.
त्याला कधीच कळलं नाही."

मी आत बसलो.
सीटची जागा लक्षात ठेवणारं बटण असतं,
तपासावं लागतं, चालतं का.
एक नंबर दाबला.
सीट सरकत मागे गेली, अजून मागे,
उंच माणसापुरती जागा करून थांबली.
चालतं, मी लिहिलं.

मग सर्व्हिसची वही.
प्रत्येक तेलबदल, प्रत्येक टायर,
शिक्क्याशेजारी पेन्सिलीचं बारीक, उभट अक्षर.
नऊ वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, पानाच्या कडेला:
डावं मागचं दार. नवा रंग.
बरा जमलाय. विचारायचं नाही.

गिऱ्हाइकाच्या घरात डोकावणं माझं काम नव्हे.
पण नोंद ही नोंद असते.
मी वही उलटी फिरवून त्यांच्यापुढे सरकवली.

दोन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही.
बाहेर एक ट्रक मागे येत होता,
त्याची पीं पीं थांबेपर्यंत त्या वाचत होत्या.
"नऊ वर्षं," शेवटी म्हणाल्या,
आवाजात राग होता, मी चुकत नसेन तर.
"रोज समोर बसून जेवायचा. नऊ वर्षं.
आणि मी ते मांस..."

मी माझ्या भाषेत परतलो, तीच मला येते.
दाराचे हजार वजा, म्हणजे सतरा.
"सतरा," त्या म्हणाल्या. "आणि वही मी ठेवते."
वहीशिवाय इतिहास सिद्ध होत नाही, मी सांगितलं,
आणखी दोन हजार उतरतील,
कदाचित अडीच. अशी गाडी वहीवरच विकते.
"उतरू देत."

तक्ता सांगतो तसं मी चौदा हजार पाचशे लिहिलं.
त्यांनी सही केली, पर्स मिटली,
वही आत मावत नव्हती, एक कोपरा बाहेर राहिला.
चौकातल्या बसथांब्यावर त्या उभ्या राहिल्या,
दोनदा बस आली,
त्या चढल्या नाहीत.

संध्याकाळी गाडी मागच्या रांगेत लावायची होती.
पाय क्लचपर्यंत पोचेनात, मग आठवलं,
हिला क्लच नाहीच,
आणि सीट अजून तिथेच होती, मागे.
मी काठावर बसून, तशीच चालवली.