इतिवृत्त

कोऱ्या पानावर तारीख घातली.
स्थळ : संस्थेचे सभागृह, अक्कलकोट रोड, सोलापूर.
वेळ सकाळी अकरा. गणपूर्ती झाली, असे लिहिले.
झालीच होती. इतकी माणसं तर
बोनस वाटतानाही आली नव्हती.

आदल्या रात्री अध्यक्ष यादगिरी कोंगारींनी
संचालक मंडळ बरखास्तीची नोटीस लावली,
चादरींच्या गोदामाच्या दारावर, ताण्याच्या खळीनं.
पहाटे मंडळानं तिच्यावरच आपली डकवली :
अध्यक्ष पदच्युत.
दोन्हींवर शिक्का एकच.
शिक्का माझ्या ड्रॉवरात असतो.
किल्ली दोघांनाही मीच दिली.

विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचायला उठलो.
राजेशम चिट्याल म्हणाले, आधी खुर्ची खाली करा.
अध्यक्ष म्हणाले, पोटनियम सत्तावन्न.
मागून कुणीतरी तेलुगूत त्यांची आई काढली,
त्यांनीही तेलुगूतच परत केली.
मराठीत लिहायचं म्हणून मी थांबलो.

तेवढ्यात लाईट गेली.
गेली की घालवली, माहीत नाही.
शेजारच्या शेडमधले माग एकदम गप्प झाले
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
त्या आवारात मला माणसांचा श्वास ऐकू आला.

मग खुर्च्या. मग बॉबिनी.
मग धोटा.
धोट्याची टोकं लोखंडी असतात.
एका कडेनं सुटला की दुसऱ्या कडेला पोचायचं,
एवढंच त्याला येतं.
मध्ये कोण आहे, तो बघत नाही.

मध्ये इस्माईल होता, चहाचा ट्रे घेऊन.
सभासद नाही, मतदार नाही, भागभांडवल शून्य.
चोवीस कप. त्यातले दोन बिनसाखरेचे,
एक अध्यक्षांचा, एक राजेशमचा.
दोघांनाही एकाच वर्षी साखर निघाली होती.

एक्स्पोर्टच्या चादरीत गुंडाळून नेला त्याला सिव्हिलला.
मोराची नक्षी, पक्का लाल.
किती भिजली ते वरून कळेना.

आता दिवेलागण.
उपनिबंधकांना प्रत उद्या हवी.
अध्यक्षांचा माणूस माझ्या उजवीकडे बसलाय,
मंडळाचा डावीकडे,
दोघंही माझ्याच बिड्या ओढतायत.
पेन आपोआप शेवटच्या ओळीकडे निघतं :
आभारप्रदर्शनानंतर सभा खेळीमेळीच्या वातावरणात...
हात वळलाय त्या वाक्याला.
'खे' काढला आणि शाई वाळेपर्यंत बघत बसलो.

मग तो खोडून वरच्या रिकाम्या जागेत घातलं :
ऐनवेळचे विषय.
इस्माईल बाबूलाल नदाफ, वय एकोणीस.

याला अध्यक्षांची परवानगी लागते.
कुठल्या अध्यक्षांची, म्हणून विचारलं,
तर दोघंही एकदम बोलायला लागले.

सिव्हिलमधून अजून फोन नाही.
सूचक म्हणून माझं नाव लिहिलंय.
अनुमोदकाची जागा मोकळी आहे.